नेरवणचा उपप्रश्न

"उत्तर छापायला गेलं तेव्हा ते बरोबर होतं," प्रभुदेसाई बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. विधानभवनातल्या माझ्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाई विभागात उपसचिव होत्या, वीस वर्षं फक्त विक्रीकर बघत आलेल्या. मी अर्थ राज्यमंत्री होऊन साडेचार महिने झाले होते. त्याआधी मी आमदार, आणि त्याही आधी हायस्कुलात भूगोल शिकवणारा मास्तर.

फाईलमध्ये त्या दिवसाच्या तारांकित प्रश्नांची छापील यादी होती. प्रश्न क्रमांक पाच आमचा. हातठोक्याच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना विक्रीकरात असलेली सूट रद्द करण्याचे शासनाने ठरविले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय आहेत? खाली उत्तर होतं. पहिल्या भागाला, 'हे खरे नाही.' दुसऱ्याला, 'प्रश्न उद्भवत नाही.'

ते उत्तर मीच आठ दिवसांपूर्वी सही करून पाठवलं होतं. तेव्हा खरंच काही ठरलेलं नव्हतं. ठरलं परवा. घारगेसाहेबांनी, म्हणजे आमच्या अर्थमंत्र्यांनी, अर्थसंकल्पात जी शेवटची काटछाट केली तिच्यात ही सूट गेली. अर्थसंकल्प सोमवारी मांडायचा होता आणि आज गुरुवार होता. राज्यात ही गोष्ट सहा माणसांना ठाऊक होती. त्यातला एक मी.

"बाई, उपप्रश्न आला तर मी काय म्हणू?"

"येणारच. वाघचौरेंचा प्रश्न आहे, ते सोडणार नाहीत."

"काय म्हणू ते सांगा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, अर्थसंकल्पाआधी तुम्ही हो म्हणू शकत नाही. गोपनीयतेची शपथ आहे. नाही म्हणालात, तर सोमवारी सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग येईल. आणि सांगता येत नाही म्हणालात, तर छापील उत्तरात नाही आणि तोंडी सांगता येत नाही, याचा अर्थ कुणालाही कळेल."

"मग उरलं काय?"

"मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसते. काही सुचलं तर चिठ्ठी पाठवते."

टेबलावरचा फोन वाजला. कोण असणार ते मला माहीत होतं. घारगेसाहेब पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते आणि म्हणूनच आज त्यांच्या जागी मला उभं राहायचं होतं.

"वाचलंस उत्तर?" साहेबांचा आवाज आजारपणातही तसाच होता. हळू.

"वाचलं साहेब. पण परवाच्या निर्णयानंतर..."

"छापलंय ना 'नाही'? मग 'नाही' म्हणायचं आणि बसायचं. दोन सेकंदांचं काम आहे. सोमवारचं मी बघून घेतो. आज बाजारात कळलं तर चार दिवसांत सगळे व्यापारी जुन्या दराने माल उचलून मोकळे होतील."

"हो साहेब."

"तुझ्याआधी त्या खुर्चीत कोण होता, आठवतंय ना?"

आठवत होतं. त्याला साहेबांनी एका फोनवर घरी पाठवलं होतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीटही मिळालं नाही. माझं तिकीट, माझं राज्यमंत्रिपद, आमच्या शाळेच्या नव्या इमारतीची मंजुरी, सगळं साहेबांच्या शब्दावर होतं. मी पुन्हा 'हो साहेब' म्हणालो. फोन ठेवताना रिसीव्हर ओला झालेला दिसला. तळहाताला एवढा घाम मला आयुष्यात कधी आला नव्हता.

निवृत्ती वाघचौरे लॉबीच्या उपाहारगृहात माझी वाट बघत होता. तो विरोधी पक्षाचा. पण त्याआधी पाचवी ते अकरावी आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्याचा मतदारसंघ माझ्या शेजारचा आणि त्यात नेरवण हे तांबटांचं गाव. चाळीस घरं, सगळी हंडे, घागरी, बंब ठोकणारी. गावात शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो, घरं नंतर दिसतात.

"बस," तो म्हणाला. "चहा सांगितलाय."

मी बसलो. चहा आला. मी कप उचलला नाही.

"जना, एक विचारतो. सभागृहात विचारायचं ते तिथे विचारीनच, हे घरचं समज. नेरवणच्या सोसायटीला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून सहा हजार हंड्यांची ऑर्डर आली आहे. दोन वर्षांचं काम. पण भाव करासकट बांधलेला आहे. पुढे कर लागला तर तो सोसायटीने सोसायचा. तारण म्हणून सोसायटीची शेड लिहून द्यायची."

"बरं."

"व्यापाऱ्याचा माणूस नेरवणला जाऊन बसलाय. तुमचं छापील उत्तर त्याने सकाळीच फोनवरून मागवून सगळ्यांना वाचून दाखवलं. सरकारच म्हणतंय नाही, मग घाबरता कशाला, असं म्हणतोय. सोसायटीचे चेअरमन मुरलीधर करडे बारा वाजता मला फोन करणार आहेत. मी हो म्हटलं की सही." तो टेबलावर पुढे झुकला. "सही करायची का नाही, एवढंच सांग. कारण नको, कागद नको. नुसती मान हलव."

आजूबाजूच्या टेबलांवर माणसं होती. त्यातला एक वार्ताहर आमच्याकडेच बघत होता, निदान मला तसं वाटलं. त्या क्षणी मला सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं.

"निवृत्ती, मला काही बोलता येत नाही."

"बोलू नको."

"मानही हलवता येत नाही. मी शपथ घेतली आहे."

"चाळीस घरं आहेत."

"मला माहीत आहे."

त्याने स्वतःचा चहा संपवला, पैसे ठेवले आणि उठला. "ठीक आहे," तो म्हणाला. "आत विचारतो."

अकराला घंटा झाली. आम्ही आत गेलो.

पाच नंबरचा प्रश्न म्हणजे आधी चार प्रश्न. प्रश्नोत्तराचा तास बाराला संपतो. त्या चारांवर नीट रेंगाळले, तर पाचवा येतच नाही. तो राहतो, छापील उत्तर पटलावर जातं आणि कुणाला उभं राहावं लागत नाही. मी घड्याळाकडे बघत बसलो. पहिला प्रश्न पाटबंधाऱ्याचा होता आणि त्यावर बावीस मिनिटं गेली. मला त्या पाटबंधारे मंत्र्याच्या पाया पडावंसं वाटलं. दुसरा आश्रमशाळांचा, त्यावर गोंधळ झाला आणि आणखी पंधरा मिनिटं गेली. अकरा सदतीस. तिसऱ्या प्रश्नाचे सदस्य गैरहजर निघाले. तो अर्ध्या मिनिटात गेला आणि माझ्या कानांत वाजायला लागलं.

चौथा प्रश्न एका पुलाचा होता. बांधकाम मंत्री जुने, मुरलेले. एरवी ते कितीही लांबण लावत. त्या दिवशी त्यांनी चौकशी करू म्हणून तीन वाक्यांत विषय मिटवला. अकरा शेहेचाळीस.

"प्रश्न क्रमांक पाच. श्री. वाघचौरे," अध्यक्ष म्हणाले.

मी उभा राहिलो. "अध्यक्ष महोदय, उत्तर पटलावर ठेवलं आहे." एवढं वाक्य बाहेर आलं आणि मी बसलो.

निवृत्ती उठला. तो माझ्या अगदी समोरच्या बाकावर होता. आमच्यात मधली मोकळी जागा आणि त्यात टेबलावर वाकून लघुलेखन करणारे दोन प्रतिवेदक.

"अध्यक्ष महोदय, हे उत्तर विभागाने कधी तयार केलं, मला माहीत नाही. कागदावरचं मला नको आहे. माझा उपप्रश्न साधा आहे. ही सूट येत्या वर्षात कायम राहील का, हे सन्माननीय मंत्री महोदयांनी आज, इथे, स्वतःच्या तोंडाने सांगावं. माझ्या मतदारसंघातली चाळीस कुटुंबं तासाभरात त्यांच्या उत्तरावर सही करणार आहेत."

मागून कुणीतरी बाक वाजवला.

मी उठलो. पट्टेवाल्याने त्याच वेळी माझ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. ती बाईंची होती. ती उघडायची असते हेसुद्धा मला सुचलं नाही. मी ती मुठीत धरून उभा राहिलो.

बोलायला तोंड उघडलं आणि काही आलं नाही. घसा आतून कुणीतरी बांधल्यासारखा झाला होता. मला मायक्रोफोनवरची छोटी जाळी दिसत होती, तिच्यातली एक तार वाकलेली. प्रेक्षकांची गॅलरी दिसत होती. प्रतिवेदकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं, पेन्सिल तशीच टेकलेली. मला वाटलं, मी आता खाली पडणार. समोरच्या बाकाची कड मी दोन्ही हातांनी पकडली आणि खाली बघत राहिलो.

"मंत्री महोदय?" अध्यक्ष म्हणाले.

मी मान हलवली, म्हणजे बोलतो, अशी. कुणीतरी हसलं. आमच्याच बाजूने कुणीतरी पुटपुटलं, "अहो, नाही म्हणा आणि बसा." किती वेळ गेला असेल, सांगता येत नाही. नंतर लोक म्हणाले, दहा सेकंद. कुणी म्हणालं अर्धा मिनिट. मग घसा थोडासा सुटला. मी श्वास घेतला, ओठ उघडले.

आणि निवृत्ती बोलला.

"अध्यक्ष महोदय, मला माझं उत्तर मिळालं. मी मंत्री महोदयांचा आभारी आहे."

तो खाली बसला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग विरोधी बाजू एकदम उठली. कर लावणार, कर लावणार, असा गिल्ला झाला. अध्यक्ष घंटा वाजवत राहिले. त्या गोंधळात निवृत्ती उठून शांतपणे बाहेर गेला. मी घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी होते. तो फोनकडे चालला होता.

मी अजून उभाच होतो. शेजारच्या मंत्र्याने माझा कोट ओढून मला बसवलं.

खोलीत परत आल्यावर मूठ उघडली. घामाने चिठ्ठीवरची शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं. बाईंनी लिहिलं होतं, 'प्रकृती बरी नाही म्हणून खाली बसावे. पुढचे मी बघते.'

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

दुपारी मला इस्पितळात बोलावणं आलं. साहेबांच्या नाकात नळी होती आणि उशाशी ट्रान्झिस्टर. त्यांनी नर्सला बाहेर जायला सांगितलं. मी पलंगापासून चार पावलांवर उभा राहिलो. जवळ जायची हिंमत नव्हती.

"किती दिले त्यांनी?"

"साहेब?"

"तांबटांनी. का शाळूसोबत्यासाठी केलंस?"

"साहेब, मी कुणासाठी काही केलं नाही. मी नाहीच म्हणणार होतो. शब्दच फुटला नाही. मी घाबरलो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "हे मला सांगितलंस, बाहेर कुणाला सांगू नकोस. फितूर झाला म्हणून गेला, यात निदान काही तरी आहे. घाबरला म्हणून गेला, तर तुला तुझ्या शाळेतही कुणी विचारणार नाही."

राजीनाम्याचा कागद त्यांच्या सचिवाने टाईप करून आणला होता. प्रकृतीच्या कारणावरून. मी सही केली. बाहेर व्हरांड्यात येऊन एका बाकावर बसलो.

सोमवारी अर्थसंकल्पात सूट गेली. तोवर बाजारात जो माल उचलायचा तो उचलला गेला होता. वर्तमानपत्रांनी माझं मौन पहिल्या पानावर छापलं. एकाने मला फितूर म्हटलं, दुसऱ्याने विवेकाचा आवाज म्हटलं. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. मी परत गावी आलो.

नेरवणने सही केली नव्हती. तो व्यापारी शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या सोसायटीकडे गेला आणि दीड वर्षात तिची शेड लिलावात निघाली, असं मी ऐकलं. नेरवणची शेड राहिली. चाळीस घरांपैकी दहा-बारा पुढे धंदा सोडून गेली, पण ती कुणाचं काही देणं न ठेवता गेली.

तिथली माणसं माझ्याकडे यायला लागली. दिवाळीला फराळाचा डबा, मुलीच्या लग्नाची पत्रिका, पहिली माझ्या घरी. मुरलीधर करडे एकदा माझ्या ओसरीवर बसून म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी खुर्ची सोडलीत." मी म्हणालो, "तसं काही नाही हो." ते म्हणाले, "तुम्ही असंच म्हणणार." माझ्या बायकोने त्यांना चहा दिला आणि आत जाताना माझ्याकडे असं बघितलं, की मला तिच्याही समोर खरं सांगता आलं नाही. त्या माणसांच्या कौतुकाची मला सभागृहापेक्षा जास्त भीती वाटायची. सभागृहात निदान तास संपायचा होता. फाटकाची कडी वाजली की आधी मी खिडकीतून बघायचो, नेरवणचं कुणी आहे का. असेल, तर कितीदा तरी मागच्या दाराने शेतात गेलो.

अशी अठरा वर्षं गेली. सोसायटीला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी कार्यक्रम ठेवला आणि माझा सत्कार ठरवला. नाही म्हणायला गेलो तर करड्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळलेत, पण तुम्ही येणार म्हणून खुर्चीत बसून येणार आहेत." मग काय करणार, गेलो.

निवृत्तीही आला होता. त्यानेही राजकारण सोडलं होतं. गुडघे गेले होते, काठी होती. भाषणं सुरू व्हायला वेळ होता म्हणून आम्ही शेडच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत, उलट्या हंड्यांच्या एका ढिगाशेजारी बसलो. आत ध्वनिक्षेपक तपासत होते. मला घाम सुटला होता. आता आत जाऊन ते ऐकायचं, शाल घ्यायची, आणि वर दोन शब्द बोलायचे.

"निवृत्ती," मी म्हणालो, "आत जायच्या आधी तुला एक सांगायचंय. अठरा वर्षं सांगितलेलं नाही."

"सांग."

"त्या दिवशी मी ठरवून गप्प राहिलो नव्हतो. मला बोलता येत नव्हतं. मी 'नाही' म्हणायलाच उठलो होतो. घसा मोकळा झाला तेव्हा तेच म्हणणार होतो. तू मध्ये बोललास म्हणून राहिलं."

तो काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत होता. थांबला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू नाही म्हणणार होतास ते. शाळेत गृहपाठ केलेला नसला आणि केलाय म्हणून सांगायचं असलं, की तू तसाच उभा राहायचास. बाक धरून, खाली बघत."

"मग उत्तर मिळालं असं कसं म्हणालास?"

"तू बोलायच्या आधी म्हणायला हवं होतं म्हणून." त्याने काठी उभी धरली. "छापील उत्तर इथे पोचलेलं होतं. वर तू तोंडाने नाही म्हणाला असतास, तर माझं कोण ऐकणार होतं? मी फोनवर सही करू नका म्हटलं असतं, तर इथली माणसं म्हणाली असती, तुम्ही विरोधी पक्षाचे, तुम्ही असंच बोलणार. चहाच्या वेळी तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं, सूट जाणार. प्रश्न विचारला तो तू काही तरी सांगशील या आशेने. तू उठलास तेव्हा दिसलं की विचारून मी चूक केली. मग तू गप्प होतास, तेच मी तुझं उत्तर म्हणून उचललं."

"तुला माहीत होतं माझं काय होईल."

"हो."

"निवृत्ती, माझं सगळं गेलं त्यात."

"हो," तो म्हणाला. "मी आधी चाळीस घरं बघितली, मग तुला. क्रम तोच होता, जना. पुन्हा वेळ आली तरी तोच राहील. तुझ्याकडे यायला मला नंतर तोंड नव्हतं, म्हणून आलो नाही."

खरंच, अठरा वर्षांत तो एकदाही माझ्या घरी आला नव्हता. मला वाटायचं, माझी खुर्ची गेली म्हणून तो माझी लाज राखतोय.

आत ध्वनिक्षेपकावरून माझं नाव पुकारलं गेलं. करड्यांचा मुलगा कोपऱ्यावरून धावत आला आणि म्हणाला, "साहेब, चला. बाबा थांबलेत."

निवृत्ती काठी टेकत आधी उठला. दोन पावलं जाऊन तो वळला आणि मला उठवायला त्याने हात पुढे केला. मी तो घेतला, पण लगेच नाही.